मंगळावर लढाई झालीच तर

मंगळावर दोन देशांनी वसाहती केल्या आणि पुढे त्यांच्यात बिनसलं, तर तिथलं युद्ध कसं असेल? अंतराळावर कुणी चार शब्द बोललं की हा प्रश्न येतोच. शाळकरी मुलं विचारतात, पेन्शनीतले आजोबाही विचारतात. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी उत्तर देऊन ठेवलेलं असतं: चिलखती सैनिक, लेझरच्या बंदुका, आकाश झाकून टाकणारं आरमार. बघायला मजा येते. पण पृथ्वीवरचंच युद्ध उचलून लाल मातीवर ठेवल्यासारखं ते वाटतं, आणि मंगळाला त्यात काही कामच उरत नाही.

या प्रकरणात आपण मंगळाला काम देऊ. समजा, तिथे दोन वसाहती आहेत, पूर्व आणि पश्चिम. दोन्हीकडे दोन-दोनशे माणसं, दोघींच्या मागे पृथ्वीवरची एकेक मोठी सत्ता. वसाहती काल्पनिक आहेत, पण बाकीचे आकडे खरे घेऊ आणि लढाई कुठे पोचते ते पाहू.

१. तारीख सूर्य ठरवतो

पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळ ६८७ दिवसांत. दोघंही पळत असल्यामुळे मंगळ आज जिथे दिसतो तिथे यान सोडून उपयोग नाही. यान पोचेल त्या दिवशी तो जिथे असेल, तिकडे सोडावं लागतं. कमीत कमी इंधनात हे जमवणारी ग्रहांची मांडणी साधारण २६ महिन्यांनी एकदा येते आणि काही आठवडेच टिकते. शास्त्रज्ञ तिला लाँच विंडो म्हणतात. आपण सरळ मुहूर्त म्हणू, कारण चुकला तर पुढच्यासाठी थांबावं लागतं, हा गुण दोघांत सारखाच आहे.

२०२० चा मुहूर्त पाहा. संयुक्त अरब अमिरातींचं 'होप' २० जुलैला निघालं, चीनचं 'त्येनवेन-१' २३ जुलैला, अमेरिकेचं 'पर्सिव्हिअरन्स' ३० जुलैला. तिन्ही यानं २०२१ च्या फेब्रुवारीत मंगळावर हजर. त्याआधी २०१३ मध्ये आपलं मंगळयान ५ नोव्हेंबरला श्रीहरिकोट्याहून उडालं आणि अमेरिकेचं 'मेव्हन' १८ नोव्हेंबरला. पुढच्या सप्टेंबरात दोन्ही यानं दोन दिवसांच्या अंतराने मंगळाच्या कक्षेत शिरली. ही कुणी ठरवून केलेली शर्यत नव्हती, मुहूर्तच एक होता.

सेनापतीच्या नजरेने याचा अर्थ असा: अचानक हल्ला हा प्रकारच बाद. शत्रूची कुमक कोणत्या महिन्यात निघणार आणि कधी पोचणार, हे दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं आधी ठाऊक असतं. आता समजा, मुहूर्त टळून दोन महिने झाले असताना पूर्व आणि पश्चिम यांच्यात ठिणगी पडली. पुढचा मुहूर्त २४ महिन्यांनी, वर प्रवासाचे सात महिने, म्हणजे पहिली मदत यायला ३१ महिने. अधल्यामधल्या वेळी निघता येतच नाही असं नाही, पण इंधन इतकं वाढतं की माल न्यायला जागा राहत नाही. त्यामुळे ठिणगी पडली त्या दिवशी ज्याच्या कोठारात जे असेल, त्यावरच अडीच वर्षं काढायची.

२. हुकूम पोचतो, हुकूम देणारा पोचत नाही

प्रकाश आणि रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, दूर जातो तेव्हा चाळीस कोटींवर. मधलं अंतर घ्या, साडेबावीस कोटी. त्याला तीन लाखांनी भागलं की ७५० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पंचवीस मिनिटांनी. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी 'पर्सिव्हिअरन्स' उतरत होतं तेव्हा संदेशाला अकरा मिनिटांवर वेळ लागत होता, आणि वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा सगळा खेळ सात मिनिटांचा. 'वातावरणात शिरलं' हा संदेश पृथ्वीवर आला, तेव्हा गाडी तिकडे केव्हाच जमिनीवर उभी होती. लढाईतले निर्णय जागच्या माणसालाच घ्यावे लागणार, हे उघड आहे. शिवाय दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या मागे जातो तेव्हा सुमारे दोन आठवडे यानांना हुकूम पाठवणंच बंद ठेवतात, कारण सूर्यामुळे संदेश बिघडतो.

पण खरी अडचण मिनिटांची नाही. मंगळ अगदी दूर असला तरी हुकूम बावीस मिनिटांत पोचतो, तो पाळला जातोय की नाही हे बघणारा माणूस पोचायला अडीच वर्षं लागतात. या फरकाचा दाखला शोधायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागत नाही.

१७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांना युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली आणलं होतं. तरी मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांनी सुरतेला रघुनाथरावाशी परस्पर तह करून टाकला: आम्ही फौज देतो, तुम्ही पेशवे व्हा आणि साष्टी व वसई आम्हाला द्या. कलकत्त्याने हा तह धुडकावला. पण तोवर कर्नल कीटिंगची फौज गुजरातेत उतरली होती आणि मे महिन्यात आडासला लढूनही मोकळी झाली होती. कलकत्त्याने कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा नवा तह केला. तेवढ्यात लंडनच्या संचालकांकडून निरोप आला, की सुरतेचा तहच आम्हाला पसंत आहे! एका कंपनीची तीन डोकी, तिघांची तोंडं तीन दिशांना, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांनी विश्वास ठेवायचा तो कुणावर? या गोंधळातून पेटलेलं युद्ध सात वर्षं रेंगाळलं. वडगावची नामुष्की मुंबईकरांच्या पदरी पडली ती त्यातच, जानेवारी १७७९ मध्ये.

मुंबईकर वेडे नव्हते. आपलं कोण काय वाकडं करणार, हा त्यांचा हिशोब होता. मंगळावरच्या 'पूर्व'च्या कमांडरचाही तोच असेल. मायदेशाने त्याला बडतर्फ केलं, तर त्याच्या जागी येणारा अजून पृथ्वीवर सामान बांधत असेल. परग्रहावरच्या लढाया राजधान्यांत ठरतात असं गृहीत धरणारी कादंबरी मला म्हणूनच पटत नाही. त्या सुरतेसारख्या ठिकाणी ठरतील, महत्त्वाकांक्षी आणि जरा एकट्या पडलेल्या माणसांकडून.

३. शिट्टीच्या बेतातला कुकर

मंगळावर हवा आहे, पण नावाला. तिचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइडची. वसाहतीच्या आत मात्र माणसाला जगण्यापुरता दाब हवा. आत पृथ्वीसारखी हवा भरली, तर भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबात जवळजवळ एका वातावरणाचा फरक पडतो. हा फरक रोज आपल्या स्वयंपाकघरात असतो. घरचा कुकर शिट्टीला येतो तेव्हा त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एवढाच जास्त असतो. मंगळावरची माणसं जन्मभर शिट्टीच्या बेतात आलेल्या कुकरमध्ये राहणार, फक्त आतली हवा गार. हिशोबाने बोलायचं तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून दहा टनांचा रेटा. दोन चौरस मीटरच्या दारावर वीस टन.

अशा घरात बंदूक काय कामाची? चालेल ती नक्की. गोळीच्या दारूत जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन दारूतच असतो, बाहेरची हवा लागत नाही. सोव्हिएत संघाने 'साल्युत-३' या लष्करी अंतराळस्थानकावर २३ मिलिमीटरची तोफ बसवली होती आणि १९७५ मध्ये, स्थानकात माणसं नसताना, ती जमिनीवरून हुकूम देऊन डागूनही पाहिली. प्रश्न नेम चुकलेल्या गोळीचा आहे. ती भिंतीला लागली तर मारणारा आणि मरणारा एकाच हवेला मुकतात.

म्हणून वसाहत मातीखाली जाणार. तसं करायला दुसरंही कारण आहे. मंगळाला जाड वातावरण नाही आणि पृथ्वीसारखं चुंबकीय कवचही नाही, त्यामुळे अंतराळातले किरण थेट जमिनीवर येतात. 'क्युरिऑसिटी' गाडीने केलेल्या मोजणीनुसार तिथे चार दिवसांत जेवढा किरणोत्सार अंगावर येतो, तेवढा पृथ्वीवर निसर्गाकडून वर्षभरात मिळतो. डोक्यावर दोन-तीन मीटर माती घेतली की किरणांपासूनही आडोसा होतो आणि शत्रूपासूनही. आणि इथे चिलखती सैनिकांची कथा गडगडते. मातीत गाडलेल्या, एकाच दाराच्या वसाहतीवर चालून जाण्यापेक्षा तिला वेढा घालून बसणं सोपं. आपले किल्ले तोफांनी किती पडले आणि धान्य-पाणी संपून किती, हे इतिहास वाचणाऱ्याला सांगायला नको.

४. श्वासाचा हिशोब

मंगळावर वेढा घालायला सैन्य लागत नाही, कारण तो ग्रहानेच घातलेला असतो. शत्रूने फक्त आतलं यंत्र बंद पाडायचं.

'पर्सिव्हिअरन्स'वर मॉक्सी नावाचं टोस्टरएवढं यंत्र होतं. मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून, तो तापवून, त्यातून ऑक्सिजन वेगळा करायचा, एवढंच त्याचं काम. २०२१ ते २०२३ या काळात ते सोळा वेळा चालवलं आणि एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे तासाला ३५. तेव्हा त्या सगळ्या कमाईवर एक माणूस साडेतीन तास जगला असता. प्रयोग म्हणून हे यश मोठं आहे. दुसऱ्या ग्रहाच्या हवेतून श्वासाजोगा वायू माणसाने प्रथमच काढला. यंत्राचा सर्वाधिक वेग तासाला १२ ग्रॅमचा होता. त्या वेगाने अशी तीन यंत्रं दिवसरात्र चालली तर एका माणसाची सोय होईल, दोनशे माणसांना सहाशे लागतील. प्रत्यक्षात मोठी यंत्रं बांधतील, पण विजेची भूक काही सुटत नाही.

आणि वीज कुठून आणायची? सौरपत्रे लावले तर धूळ आहे. २०१८ च्या जूनमध्ये अख्ख्या ग्रहाला वेढणारं धुळीचं वादळ उठलं. 'ऑपॉर्च्युनिटी' ही गाडी चौदा वर्षं सौर विजेवर चालत होती, ती त्या वादळात गप्प झाली आणि पुन्हा बोलली नाही. म्हणून लहान अणुभट्टीवर काम चालू आहे. अमेरिकेने असा एक नमुना २०१८ मध्येच नेवाडाच्या वाळवंटात चालवून पाहिला. समजा पूर्वेकडे अणुभट्टी आहे आणि पश्चिमेकडे नुसते सौरपत्रे. वादळ उठलं त्या आठवड्यात पूर्वेने एकही गोळी न झाडता पश्चिमेपुढे अटींचा कागद ठेवला, तर त्याला युद्ध म्हणायचं की नाही?

उलट बाजूही आहे. पश्चिमेने चिडून ती अणुभट्टीच बिघडवली, तर आपल्या माणसांना वादळ संपेपर्यंत वीज देऊ शकणारं एकमेव ठिकाण तिने स्वतःच्या हातांनी घालवलं. अडीच वर्षं दोघींना एकमेकींशिवाय तिसरं कुणी नाही.

५. येतंय ते धान्य की गोळा?

चढाईचं खरं भय वरून आहे, आणि त्याला बॉम्बही लागत नाही.

पृथ्वीहून आलेलं 'पर्सिव्हिअरन्स' सेकंदाला ५.४ किलोमीटर वेगाने मंगळाच्या वातावरणात शिरलं. या वेगातली शक्ती मोजू. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे शाळेतलंच सूत्र. एका किलोला ती सुमारे दीड कोटी जूल येते. एक किलो टीएनटी फुटला की त्याच्या साडेतीनाव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा निघते. म्हणजे या वेगाने येणारी कोणतीही वस्तू, मग ती तांदळाची पोती का असेनात, आपल्या वजनाच्या साडेतीनपट स्फोटकाच्या ताकदीची. दहा टनांचं मालवाहू यान न थांबता आदळलं, तर पस्तीस टन टीएनटी. विरळ हवेत त्याचा काही भाग जळेल, तुटेल, पण उरलेला पुरे आहे.

आता पश्चिमेच्या कमांडरच्या खुर्चीत बसा. पूर्वेकडे धान्य, औषधं आणि सुटे भाग घेऊन सहा यानं येत आहेत. सगळ्यांच्या वाटा जवळजवळ एकसारख्या. त्यांतल्या एकाने शेवटच्या काही तासांत तोंड जरासं वळवलं आणि वेग कमी केला नाही, तर? हे कळेपर्यंत वेळ संपलेला असेल. वाटेतच उडवावं म्हटलं तर त्याचे तुकडे त्याच वेगाने पुढे येतात. आणि ते धान्यच निघालं, तर दोनशे माणसांची अडीच वर्षांची शिदोरी आपण जाळलेली असेल.

फेकलेल्या दगडाची ही ताकद कादंबरीकारांनी फार आधी ओळखली. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९६६ च्या 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' या कादंबरीत चंद्रावरचे वसाहतवाले पृथ्वीशी भांडतात ते चंद्राचे दगड भिरकावून. किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या 'रेड मार्स'मध्ये (१९९२) मंगळावरून अंतराळात जाणारी लिफ्टची प्रचंड तार तोडली जाते आणि ती ग्रहाभोवती गुंडाळली जात कोसळते. अशा कादंबऱ्यांचा लेखक गणित करून बसलेला असतो, ते ओळखू येतं.

६. भांडण्यासारखं तिथं आहे काय?

मंगळाचा पृष्ठभाग सुमारे साडेचौदा कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे पृथ्वीवरच्या एकूण जमिनीएवढाच. चारशे माणसांना तो कमी पडायचं कारण नाही. पण सोयीची जागा थोडी. पाणी हवं तर बर्फ हवा, आणि खोदता येईल इतका उथळ बर्फ विषुववृत्तापासून दूर सापडतो. ऊन हवं तर विषुववृत्ताजवळ राहायला हवं. आणि उतरायचं तर जमीन सखल हवी, कारण खोलगट भागावर हवेचा थर जरा जाड असतो आणि पॅराशूटला तेवढाच आधार मिळतो. तिन्ही अटींची तडजोड करता करता मूठभर प्रदेश उरतात.

उत्तरेकडचं युटोपिया नावाचं मैदान त्यांतलं एक. ते मंगळाच्या सरासरी पातळीच्या सुमारे चार किलोमीटर खाली आहे. तिथे जमिनीखाली उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराएवढं पाणी गोठलेलं असल्याचं २०१६ मध्ये रडारच्या निरीक्षणांवरून जाहीर झालं. अमेरिकेचं 'व्हायकिंग-२' १९७६ मध्ये याच मैदानात उतरलं होतं आणि चीनची 'चुरोंग' गाडी २०२१ च्या मे महिन्यात, तिथून बऱ्याच अंतरावर. ही मालकीची खूण नव्हे. पण दोन सत्तांना एकच मैदान सोयीचं वाटलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

७. करारातली फट

१९६७ चा बाह्य अवकाश करार अमेरिका, रशिया, चीन, भारत सगळ्यांना मान्य आहे. चंद्रावर किंवा ग्रहावर कोणताही देश सार्वभौमत्व सांगू शकत नाही, असं त्याचं दुसरं कलम म्हणतं. चौथं कलम तिथे लष्करी तळ, तटबंदी, शस्त्रांच्या चाचण्या आणि कवायती यांना मनाई करतं. शास्त्रीय कामासाठी सैनिक पाठवायला मात्र त्याच कलमाची परवानगी आहे. आपल्या गोष्टीतले कमांडर अशाच दारातून आले असणार.

जमीन कुणाचीच नाही, हे ठरलं. पण खणून काढलेला बर्फ कुणाचा? २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून सांगितलं की आमच्या नागरिकाने काढलेला माल त्याचा. २०२० मध्ये आठ देशांनी याच वाटेने जाणारा 'आर्टेमिस करार' केला. भारताने त्यावर २१ जून २०२३ रोजी सही केली. चीन आणि रशिया त्यात नाहीत. चंद्रावर संशोधन-केंद्र उभारायचा स्वतंत्र बेत त्यांनी २०२१ मध्ये आखला. आर्टेमिस करारात 'सुरक्षा क्षेत्र' अशी कल्पना आहे: जिथे एकाचं काम चालू आहे, तिथे दुसऱ्याने आधी कळवल्याशिवाय आणि समन्वय केल्याशिवाय जायचं नाही. मागणी अवाजवी नाही. १९६९ मध्ये 'अपोलो-१२' चंद्रावर उतरलं ते आधीच्या 'सर्व्हेयर-३' या यानापासून दोनशे मीटरच्या आत. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचे काही भाग सोडवून पृथ्वीवर आणले, तेव्हा त्यांच्यावर उडालेल्या चांद्रधुळीचे ओरखडे सापडले. तेव्हा शेजाऱ्याचं यान दूर उतरावं हे खरंच. पण किती दूर? करारात आकडा नाही. पूर्वेने आपल्या अणुभट्टीभोवती पन्नास किलोमीटरचं क्षेत्र जाहीर केलं आणि मैदानातला उथळ बर्फ नेमका त्यातच आला, तर दुसरं कलम न मोडताही जमीन घेतल्यासारखीच झाली.

खऱ्या मंगळावर मात्र प्रतिस्पर्धी सत्तांचा व्यवहार याआधीच झालेला आहे. नासाने सरकारी पैशाने चीनशी परस्पर सहकार्य करू नये, असा निर्बंध अमेरिकी संसदेने २०११ पासून घातला आहे. विशेष मंजुरी घेतल्याशिवाय काही करता येत नाही. २०२१ च्या आरंभी 'त्येनवेन-१' मंगळाभोवती फिरू लागलं, तेव्हा आधीच तिथे असलेल्या यानांशी त्याची टक्कर होऊ नये म्हणून नासाने चिनी संस्थेकडून त्याच्या कक्षेची माहिती घेतली आणि आपल्या यानांची दिली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नासाने हे जाहीरही केलं. कोणाकोणाशी अशी देवाणघेवाण झाली त्या यादीत युरोप आणि अमिरातींबरोबर इस्रोचंही नाव होतं, कारण मंगळयान तेव्हा अजून फिरत होतं.